नाणेघाट : रांजण, राणी आणि एक पाण्याचं टाकं

नाणेघाटाची गोष्ट कुणी सांगायला लागलं की ती नेहमी रांजणापासून सुरू होते. घाटमाथ्यावर एका अखंड दगडात कोरलेला भलामोठा रांजण आहे. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे कोकणातून वर यायचे, माथ्यावर पोचले की जकातीची नाणी त्या रांजणात टाकायचे, म्हणून हा नाणेघाट. भारतातला सगळ्यात जुना टोलनाका! ट्रेकला आलेल्या प्रत्येक ग्रुपमधला कुणीतरी एकजण ही गोष्ट सांगतोच आणि बाकीचे रांजणाला टेकून फोटो काढतात. मीही ही गोष्ट वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. मागच्या ऑक्टोबरात मित्रासोबत खालून, म्हणजे कोकणच्या बाजूने, घाट चढलो आणि या गोष्टीकडे बघायची नजरच बदलली. तर या शनिवार-रविवारचा लेख त्याबद्दल.

आधी थोडा भूगोल. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता धरला की वैशाखरे नावाचं गाव लागतं. त्याच्या जरा पुढे उजव्या हाताला जंगलात शिरणारी वाट म्हणजे नाणेघाटाची वाट. वर पोचलं की घाटघर, तिथून पुढे जुन्नर. म्हणजे एका टोकाला कल्याण आणि सोपारा (आपलं नालासोपारा हो!) ही बंदरं आणि दुसऱ्या टोकाला जुन्नर, पुढे पैठण, तेर अशी देशावरची शहरं. मधे सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीला जिथे जिथे खाच आहे तिथे तिथे माणसाने वाट पाडली, आणि नाणेघाट ही त्यातली सगळ्यात नामांकित खाच.

पहिल्या शतकात कुणा अज्ञात ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचं एक पुस्तक लिहिलं. बंदरं कुठे, कुठे काय विकतं, कुठे काय मिळतं, याची दर्यावर्दी लोकांसाठीची गाईडच म्हणा ना. त्यात कल्याणचा उल्लेख आहे. तो म्हणतो, पूर्वी इथे रीतसर व्यापार चालायचा, पण आता बंदराची अडवणूक होते आणि चुकून इथे लागलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. पैठण आणि तेरची नावंही त्यात येतात. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड, तेरहून कापड, आणि हे सगळं गाड्यांतून आडवाटेने भडोचला येतं, असं तो सांगतो. बाहेरून भडोचला काय यायचं? तांबं, कथील, शिसं, पोवळं आणि चक्क इटलीची दारू! तेव्हासुद्धा इम्पोर्टेडचं कौतुक होतंच तर.

बंदर आणि घाट हातात असणं म्हणजे काय हे कळायला जोगळटेंभीची नाणी पुरेशी आहेत. नाशिकजवळच्या या गावी १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा अंमल जुन्नरपर्यंत होता, तिथल्या लेण्यात त्याच्या अमात्याचा लेखच आहे. गौतमीपुत्राने तो मोडला. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या चेहऱ्यावर मारलेला तो शिक्का बघितला की दोन हजार वर्षांपूर्वीचं राजकारणसुद्धा एकदम ओळखीचं वाटायला लागतं.

असो. आता चढाईकडे वळतो.

आम्ही कल्याणहून सकाळची एसटी पकडली. मित्रवर्य माझ्याच कॉलेजचे, माझ्याच बॅचचे, आता वेगळ्या कंपनीत. आमची जोडी तशी विजोड. मी पुस्तकं वाचून, नकाशे बघून, दहा प्रिंटआउट्स घेऊन येणारा. तो काहीही न वाचता येतो आणि वाटेवर मात्र माझ्यापेक्षा जास्त बघतो. त्याचे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार होते, आजोबा त्याआधी मशीदबंदरला हमाली करायचे. हे त्याने कॉलेजच्या चार वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. मला कळलं ते त्या दिवशी, घाटाच्या मध्यावर.

सुरुवातीचा तासभर वाट सोपी आहे. झाडी, कोरडे पडत आलेले ओढे, मधेच मोकळवन. पावसाळ्यात इथे जत्रा असते म्हणे, पण ऑक्टोबरच्या मधल्या वारी आम्ही दोघंच. ऑक्टोबर हिट म्हणजे काय ते कोकणात खाली उभं राहिल्याशिवाय कळत नाही. वारा पूर्ण पडलेला, हवेत अजून पावसाळ्याची ओल, आणि कातळ मात्र तापायला लागलेला. चढ लागला आणि अर्ध्या तासात शर्ट पिळून काढावा अशी अवस्था. नाकासमोर एक उभा कडा दिसत राहतो, त्याला नानाचा अंगठा म्हणतात. तुम्ही कितीही चाललात तरी तो तितकाच लांब राहतो. आमच्या प्रोजेक्टच्या डेडलाइनच्या बरोबर उलट!

साधारण दोन तृतीयांश चढ झाला असेल, मित्र मधेच खाली बसला. दोन्ही पोटऱ्यांत गोळे. पाय सरळही होईना आणि दुमडताही येईना. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. मी त्याला झुडपाच्या सावलीत ओढला, बूट काढले, पाय चोळले. मीठ-साखर-लिंबाचं पाणी होतं ते थोडंथोडं पाजलं. पाच मिनिटांनी तो उठला, दहा पावलं चालला आणि पुन्हा बसला. मग मात्र पोटात गोळा आला तो माझ्या. मोबाईलला रेंज नाही. खाली उतरायचं तर दीड-दोन तास, आणि गोळे आलेल्या पायांनी उतार जास्त वाईट. वर जायचं तर चढ, पण माथ्यावर पाणी आणि पुढे गाव. उरलेलं पाणी एक लिटरच्या आत. एरवी ऑफिसात बसून आपण दिवसाला वीस निर्णय घेतो, त्यातल्या एकाचीही किंमत आपल्याला चुकवावी लागत नाही, हे त्या झुडपाखाली लख्ख जाणवलं.

तेवढ्यात वरून एक मावशी उतरत आल्या. डोक्यावर गवताचा भारा, पायात साधी स्लीपर. आम्हाला बघून थांबल्या.

“काय झालं दादा? पायात गोळं आलं का? बसा गप सावलीला. ऊन कलल्याबिगर हलू नका. वर टाक्यात पाणी हाय, लई गार. तंवर हाय ते सगळं पिऊन टाका, राखून ठेवू नका.”

एवढं बोलून त्या गेल्यासुद्धा. भारा खाली ठेवला नाही, कारण एकदा ठेवला की परत डोक्यावर चढवून द्यायला दुसरं माणूस लागतं. हे मला मित्राने सांगितलं. आणि मग तासभर त्या सावलीत त्याने मला त्याच्या वडिलांबद्दल, आजोबांबद्दल सांगितलं. शंभर शंभर किलोच्या गोणी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमधे चढायचं. पाय कसा टाकायचा, श्वास कधी सोडायचा, मान कुठल्या बाजूला ठेवायची, यालाही एक शास्त्र असतं. १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हा आजोबांनी घरी पेढे आणले होते, कारण तोवर हमाल म्हणजे कुणाच्याच वहीत नसलेला माणूस. “आजोबा म्हणायचे, कायद्याने काय दिलं, तर आमचं नाव वहीत आलं.”

मग तो वाटेकडे बघत म्हणाला, “तू मघापासून व्यापारी व्यापारी करतोयस. या वाटेने गाडी येऊ शकते का?”

गाडीचा प्रश्नच नव्हता. पायऱ्या, वळणं, कातळ.

“म्हणजे खाली कुठेतरी माल उतरवायला लागणार. मग बैलाच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या. बघ ना, वळणं बघ. जिथे जिथे चढ उभा होतो त्याच्या आधी थोडी सपाटी आहे. ओझंवाल्यानेच पाडलेली वाट आहे ही. मोकळ्या माणसाला एवढी वळणं लागत नाहीत.”

हे मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्या सपाट्या मुद्दाम केलेल्या आहेत की आपोआप झालेल्या, याचा पुरावा माझ्यापाशी नाही. पण त्यानंतर वाट मला वेगळी दिसायला लागली एवढं खरं.

उन्हं कलल्यावर आम्ही उठलो. शंभर पावलं आणि विश्रांती, पन्नास पावलं आणि विश्रांती, असं करत चढलो. त्याची सॅक मी पुढे छातीवर घेतली, माझी पाठीवर. तो वाटभर मला शिव्या घालत होता, मी त्याला. शेवटच्या टप्प्यात वाट आणखी उभी होते, मोठमोठे दगड रचलेले आहेत, आणि मग अचानक कातळात कोरलेली टाकी दिसतात. ते पाणी! रुमालातून गाळून प्यायलो. जगात इतकं गार काही असू शकतं यावर माझा दिवसभर विश्वास नव्हता. मित्राने डोकं भिजवलं, पाय भिजवले, आणि पहिल्यांदा हसला. पहाड चढायचा आनंद म्हणजे शिखरावरून दिसणारा नजारा, असं मला आजवर वाटायचं. त्या संध्याकाळी कळलं की खरा आनंद म्हणजे आपल्यासोबतचा माणूस पुन्हा हसायला लागणं.

टाक्यांच्या जवळच ते प्रसिद्ध लेणं आहे. साधारण चौकोनी दालन, भिंतींना लागून बसायला दगडी बाक. डाव्या भिंतीवर दहा ओळी, उजव्या भिंतीवर दहा ओळी, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. लेख सातवाहन राणी नागनिकेचा, असं अभ्यासक मानतात. समोरच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता मूर्ती गेल्या, काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. पण डोक्यावरची नावं शिल्लक आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार, एक महारठी. माणूस गेला, नेमप्लेट उरली.

लेखाची सुरुवात देवांना वंदन करून होते. त्यात इंद्र आहे, संकर्षण-वासुदेव आहेत, चंद्र-सूर्य आहेत, यम, वरुण, कुबेर आहेत. पुढे राणीचं वर्णन. नवऱ्याच्या मागे महिना महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगलेली. आणि मग यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय, आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा. १७०० गाई, १० हत्ती, २४,४०० कार्षापण... अशी यादी संपता संपत नाही. ही नुसती पूजा-अर्चा नाही. मागे राहिलेली एक राणी, मुलं अजून कुमार, आणि देशातल्या सगळ्यात वर्दळीच्या वाटेवर, जिथे येणारा-जाणारा प्रत्येकजण दम खायला थांबणारच अशा ठिकाणी, ती आपल्या घराण्याची ताकद आकड्यांत मांडून ठेवते. मोक्याच्या जागेवरचं होर्डिंग, दुसरं काय!

ते आकडे हा आमच्यासारख्यांचा खास विषय. भारतात अंकचिन्हांचा इतका मोठा संच देणारा हा अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी एक आहे. तेव्हा शून्य नाही, स्थानमूल्य नाही. १० ला वेगळं चिन्ह, २० ला वेगळं, १०० ला वेगळं, १००० ला वेगळं. ४००० लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. म्हणजे २४,४०० लिहायला वीस हजार, चार हजार आणि चारशे, अशी तीन जोडचिन्हं. आज हे अवघड वाटतं, पण याच खटाटोपातून पुढे आपली दशमान पद्धत उभी राहिली.

कर्नल साइक्सने हा लेख १८३७ साली विद्वानांसमोर आणला, ब्यूलरने १८८३ साली त्याचं सविस्तर वाचन छापलं. पण या अंकांचं कोडं सोडवण्यातलं मोठं काम जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींचं. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी लेखांचे ठसे घेत हा माणूस देशभर हिंडला. १८७० च्या दशकात त्यांनी नाणेघाटातल्या अंकांवर निबंध लिहिला. औपचारिक विद्यापीठीय शिक्षण नसलेल्या या माणसाला पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली.

हे सगळं मी बाकावर बसून मित्राला टॉर्चच्या उजेडात सांगत होतो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “सतराशे गाई कुणी दिल्या ते लिहिलंय. वर कुणी आणलं ते कुठे लिहिलंय?”

नाही लिहिलेलं. मला उत्तर सुचेना.

“आणि तुझ्या त्या जकातीचं?”

तेही या मोठ्या लेखात नाही. जकातीबद्दल अवाक्षर नाही. शिवाय लेखात पैशाला ‘काहापण’ म्हणजे कार्षापण म्हटलंय, ‘नाणं’ नव्हे. इंग्रजांच्या जुन्या लिखाणात घाटाचं नाव ‘नानाघाट’ असंच येतं. म्हणजे नाण्यांमुळे नाणेघाट की नानामुळे नानाघाट, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. एवढा मोठा व्यापारी मार्ग, त्यावर जकात असणारच, हे मला पटतं. पण ती त्या रांजणातच पडायची, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे.

रांजणापाशी गेल्यावर मित्र त्याच्याभोवती दोन चकरा मारून आला. आत डोकावला. “अरे, रांजण कशाचा असतो? पाण्याचा. नाणी ठेवायला असलं उघडं भांडं कोण बनवेल? पावसात भरणार, आणि तळाची नाणी काढायला पोराला आत उतरवणार का? चढून आलेल्या माणसाला पहिलं काय लागतं ते आज तू बघितलंस ना?”

हा पुरावा नाही, तर्कच आहे, हे त्यालाही मान्य. पण मला तो टोलनाक्याच्या गोष्टीपेक्षा जवळचा वाटला. कारण पाण्याबद्दलचा पुरावा नाणेघाटात खरोखरच कोरलेला आहे. तिथल्या छोट्या लेखांपैकी एक पाण्याच्या टाक्याचा आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली ‘पोढी’. पोढी म्हणजे टाकं. बस्स, एवढंच. ना अश्वमेध, ना हत्ती. समुद्रकाठच्या बंदरातला कुणी गोविंददास. तो या वाटेने किती वेळा वर आला असेल, कुठल्या चढावर त्याचा घसा कोरडा पडला असेल, ते लेख सांगत नाही. पण खडकात टाकं कोरायला पैसे देणाऱ्या माणसाला तहान म्हणजे काय ते माहीत असणार.

अशी माणसं तेव्हा बरीच होती. जुन्नरभोवती तुळजा, लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी मिळून दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. त्यांच्या देणगीदारांत धान्य विकणाऱ्यांची श्रेणी म्हणजे आपल्या भाषेत संघटना आहे, आणि इरिल, चिट, चंद अशा नावांचे तीन यवनही आहेत. परदेशातून किंवा परदेशी वंशाचे येऊन इथे राहिलेले, इथल्या भिक्षूंसाठी दान करणारे. राजांनी यज्ञ केले तेव्हा या लोकांनी टाकी खोदली, दालनं दिली. वाट दोघांनी मिळून चालू ठेवली. आणि तिसरा, ओझं वाहणारा, त्याचं नाव कुठेच आलं नाही. त्याची नोंद फक्त वाटेच्या वळणांत राहिली, आणि दगडांवर पडलेल्या झिजेत.

वाट मरायला वेळ लागला. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली आणि १८६५ मध्ये थळघाटातून. त्यानंतर बैलाच्या पाठीवरून माल नेणं परवडेनासं झालं. पुढे माळशेजचा रस्ता आला. आज नाणेघाटातून माल जात नाही, ट्रेकर जातात. आणि मघाच्या मावशी जातात, भारा घेऊन, कुणाच्याच वहीत नसलेल्या.

आम्ही रात्री घाटघरला एका घरी पिठलं-भाकरी खाल्ली, दुसऱ्या दिवशी जुन्नरची एसटी धरली. जीवधन किल्ला शेजारीच होता, पण त्याचे पाय बघता तो पुढच्या वेळेसाठी ठेवला. मित्राने आता एक काम हातात घेतलंय. वडिलांना दर रविवारी बसवून तो त्यांच्या टोळीतल्या हमालांची नावं, गावं, कुणी किती वर्षं काम केलं, ते सगळं लिहून काढतोय. सव्वाशेच्या वर नावं झालीत. वडिलांना आधी हे खूळ वाटलं, आता तेच रात्री फोन करून विसरलेली नावं सांगतात.

तुम्ही नाणेघाटात गेलात तर खालून चढून जा. गाडीने वर येऊन रांजणाशी फोटो काढता येतो, पण मग घाट कळत नाही. पाणी माणशी चार लिटर न्या, उन्हाच्या आत चढ संपवा, पाय दुखला तर लाज न बाळगता बसा. भिंतींवर नावं कोरू नका, तिथे आधीच लिहिलेलं वाचायला अजून पुष्कळ बाकी आहे. आणि टाक्यापाशी पोचलात की पहिली ओंजळ सोपाऱ्याच्या गोविंददासाच्या नावाने प्या.